पुस्तकांवरचं पाणी
पुस्तकांच्या नव्या खाकी कव्हरांचा वास आला की मला तो जून आठवतो. पोरीला घरीच शिकवायचं ठरवून मी तिची पुस्तकं क्रूसासमोर मांडून ठेवली. आशीर्वाद द्यायला जालन्याहून मंठ्याला फादर आल्ते. त्यांनी घरभर पवित्र पाणी शिंपडलं, नवऱ्याच्या नव्या मोटरसायकलवर पण शिंपडलं, अन् पुस्तकांपाशी येऊन हात आखडला. म्हणाले, "आधी पोरीला शाळेत घाला, मग बघू." माझं डोकंच फिरलं. "मंग मोटरसायकल कोणत्या शाळेत जाती, फादर?" ते चपला घालून निघून गेले. पोरगी गुपचूप पुस्तकं उचलायला लागली. मी तिला थांबवलं अन् घरातल्या बाटलीतलं पवित्र पाणी माझ्या हातानं पुस्तकांवर शिंपडलं. आता दरसाल मीच शिंपडते. फादर आले की चहा देते, पुस्तकं दाखवत न्हाई.