आत्या तुझी, बेबी माझी

बेबी गेल्याचा फोन आधी करुणाला आला. करुणा माझी मुलगी, धंतोलीत हाडांची डॉक्टर आहे. बेबी माझी धाकटी नणंद, म्हणजे करुणाची आत्या. सकाळी गॅसवर चहा ठेवून ती खुर्चीत बसली, ती उठलीच नाही. तिच्या मुलाने घाबरून फोन लावला करुणाला, आणि करुणाने मला. मी त्या घरात लग्न होऊन आले तेव्हा ही बेबी दोन वेण्या घालून शाळेत जायची, आणि तिच्या जाण्याची बातमी मला अशी वळसा घेऊन कळली. ऐकल्यावर मी काय विचारलं असेल? "त्यानं मले काहून नाही केला फोन?" करुणा म्हणाली, "आई... आज तरी!"

तर हे असं आहे. नुसत्या गोड आठवणी हव्या असतील तर पान उलटा. मी बेबीवर वर्षानुवर्षं जळले. ती गेली म्हणून ते लगेच थांबेल, असं मला तरी वाटत नाही.

बेबी धंतोलीतल्या एका दवाखान्यात प्लॅस्टर घालायची आणि कापायची. मी सरकारी कचेरीत टायपिस्ट. करुणा सातवीत असताना तिच्या वर्गातल्या बाईंनी एक टूम काढली. मुलांनी एक दिवस आईच्या नाहीतर वडिलांच्या कामावर जायचं, आणि मोठं होऊन काय व्हायचं ते वर्गात येऊन सांगायचं. करुणाचे बाबा फिरतीवर होते, त्यामुळे मान माझ्याकडे आला. त्या दिवशी मी नटले ते काय विचारता! ठेवणीतली साडी, मशीनला नवी रिबन. "माही पोरगी येऊन राहिली" असं कचेरीत शिपायापासून सगळ्यांना सांगून झालेलं. माझी बोटं कशी पळतात ते बघून पोरगी थक्क होणार, याबद्दल मला शंकाच नव्हती. आणि नेमके त्याच दिवशी साहेब दौऱ्यावर गेले. थंडीचे दिवस. साहेब नाहीत म्हटल्यावर आम्हा बायकांच्या खुर्च्या उन्हात सरकल्या, पिशव्यांतून तुरीच्या शेंगा निघाल्या, आणि गप्पांच्या नादात मी बावळटाने पोरीच्या मांडीवरही शेंगांचा ढीग टाकला. मशीनवरचं झाकणसुद्धा निघालं नाही. दुसऱ्या दिवशी करुणाने वर्गात उभं राहून खणखणीत आवाजात सांगितलं, "माझी आई ऑफिसात तुरीचे दाणे सोलते. मला ते व्हायचं नाही."

बाईंना दया आली असावी. घरातल्या दुसऱ्या कुणाचं काम बघून ये, म्हणाल्या. करुणाचं बघून बेबीची दोन्ही मुलं बापासोबत लकडगंजच्या लाकडाच्या वखारीत जाऊन खिसे भरून भुसा घेऊन आली होती. बेबीच्या वाट्याला कुणीच नव्हतं. ती म्हणाली, "वैनी, मी नेते हिले. माह्या पोट्ट्याईले तं प्लॅस्टरच्या वासानंच मळमळते."

संध्याकाळी करुणा घरी आली ती डाव्या हाताला तळव्यापासून कोपरापर्यंत पांढरं प्लॅस्टर घालून. माझ्या तोंडचं पाणी पळालं. "काय झालं वं? पडली काय?" तर म्हणते, "काहीच नाही झालं. पेशंटला कसं वाटते ते आपल्याले कळलं पाहिजे, असं आत्या म्हणते." धडधाकट हात! सोमवारी आत्या ते मशीनने कापणार होती. तोवर मी पोरीची वेणी घालायची, दप्तर भरायचं, भाकरी कुस्करून द्यायची, आणि वर ऐकायचं काय, तर आत्या म्हणते हाड आतून जिवंत असते, आत्या म्हणते प्लॅस्टर आधी गरम होते मग थंड... रविवारी माझं डोकं फिरलं. कोमट पाण्याची बादली घेतली, पोरीचा हात त्यात बुडवला आणि सगळं पिठासारखं खरडून काढलं. मोरी तुंबली. करुणा मोरीतच बसून ओरडली, "ते आत्या कापणार होती! तू काहून काढलं?"

बेबी आली. भांडायला मी पदर खोचूनच उभी होते. तिने पांढरीफटक मोरी पाहिली, माझे पांढरे हात पाहिले आणि हसता हसता खालीच बसली. मग डोळे पुसत म्हणाली, "चला वैनी. हिचं कापाचं राहिलं नं? तं आता तुमचा हात द्या."

सोमवारी मी गेले. काहून गेले? करुणा माझ्याकडे बघत होती म्हणून.

दवाखान्यातल्या लहानशा खोलीत बेबीने माझा हात मांडीवर घेतला. ओल्या पट्ट्यांचे वेढे घातले, वरून तळव्याने हळूहळू गुळगुळीत करत गेली. आधी मला ऊब लागली, मग जडपणा... कुणी माझ्या हाताचं इतकं मन लावून काही केल्याचं मला आठवत नव्हतं. पण कापायचं मशीन सुरू झालं आणि मी जी बोंब ठोकली! बाहेर पारशिवनीचा एक म्हातारा बाकावर पाय लांब करून बसला होता. तो दारातून म्हणाला, "बाई, माहा पाय मोडला तरी मी एवढा नाही बोंबललो." बेबी म्हणाली, "वैनी, ते नुसतं थरथरते, कातडीले लागत नाही." मशीन करुणाच्या हातात होतं आणि करुणाच्या हातावर बेबीचा हात. पोरगी माझ्याकडे न बघता म्हणाली, "आई, हलू नको. मी हाये नं." मी हलले नाही. त्या दिवसापासून पोरगी आत्याची झाली, ती झालीच.

आता ऐका. बेबी गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात करुणा बोलायला उभी राहिली. म्हणाली, मी डॉक्टर झाले ती आत्यामुळे, पहिलं प्लॅस्टर आत्याने माझा हात धरून कापून घेतलं, "घरच्याच एका पेशंटच्या हातावरचं". घरची एक पेशंट! पुढच्या रांगेत मी बसलेली, हात मांडीवर घेऊन. नंतर एकेक जण करुणाजवळ येऊन तिच्या पाठीवरून हात फिरवत होता. तुझी आत्या गेली गं... वहिनीला कोण विचारतं? आणि तिथे खुर्चीत बसल्या बसल्या मला कळलं, की आज मी बेबीवर जळत नाहीये. मी करुणावर जळतेय. अगं, ती तुझी आत्या व्हायच्या आधी माझी बेबी होती! तिच्या त्या दोन वेण्या मी घालायचे. पोरगी दवाखान्यात काम करणार नाही म्हणून सासरे अडून बसले, तेव्हा त्यांच्याशी पहिल्यांदा तोंड वर करून बोलले ती मी. करुणासाठी बेबीशी भांडण्यात इतकी वर्षं गेली, की ती माझीही कोणी लागते हे तिला सांगायचं राहिलं... आणि आता मी रडायला लागले, तर लोकांना वाटायचं वय झालं बाईचं.

कार्यक्रम झाल्यावर मी बेबीच्या स्वयंपाकघरात गेले. ओट्यावर तिची पट्ट्या कापायची कैची होती, वाकड्या मानेची, टोकाला चपटी, कातडीत घुसू नये अशी. निवृत्तीनंतर तिने ती घरी आणली होती. मी ती पदराखाली घेतली आणि सरळ घरी आले. दुधाच्या पिशव्या फार सुरेख कापते.

परवाच्या रविवारी करुणा आली. "आई, आत्याची कैची तू आणली काय?"

"कोणती कैची?"

ती ओट्याशी गेली. कैची तिथेच, भांड्यांच्या जाळीत, दुधाचे थेंब तसेच. करुणाने ती नळाखाली धरली, पात्यांच्या मधून बोट फिरवून धुतली, कोरडी केली आणि परत जाळीत ठेवली.

"पुढच्या रविवारी पुन्हा येऊन मागते," म्हणाली.

"माग," म्हटलं.