डोलेझालच्या बारवरचा मासा

आमच्या तळ्याच्या काठी चर्चपेक्षा बार जास्त, आणि प्रत्येक बारवर नियॉनची जुनी पाटी. हिवाळ्यात तळं गोठलं की माणसं बर्फावर लाकडी खोपटी ओढून नेतात आणि मासे धरत बसतात. संध्याकाळी धुकं उतरलं की काठ नाहीसा होतो, रंग तेवढे उरतात. इतक्या लांबून अक्षरं कोणी वाचत नाही. जांभळट डाग म्हणजे पुलाजवळचा बार. पिवळा, अर्धा विझलेला, म्हणजे चर्चसमोरचा. लाल म्हणजे डोलेझाल. लाल नावाच्या खाली एक हिरवा मासाही आहे, पण कडाक्याच्या थंडीत तो फिका पडतो. लाल नळीतला वायू थंडीला जुमानत नाही. हिरव्या नळीत पारा असतो, तो गारठतो. मग बर्फावरून नुसता लाल दिसतो आणि त्याच्या खाली असेल-नसेल अशी धुरकट रेघ.

या पाटीची सगळी देखभाल रोझली डोलेझाल करायची. नवरा एर्विन बिअर ओतायचा, शुक्रवारी मासे तळायचा, गप्पा मारायचा. शिडीवर चढायची ती. मी कागद गिरणीत यंत्रं दुरुस्त करण्यात आयुष्य काढलं, त्यामुळे माणूस शिडी कशी लावतो ते माझ्या नजरेतून सुटत नाही. ती आधी शिडीचे पाय जमिनीत रुतवायची, खालच्या पायरीवर उभी राहून वजन टाकून बघायची, मग चढायची. बादली वर नेताना सांडत नसे.

ऑक्टोबरमध्ये ती व्हिनेगरच्या पाण्याने नळ्या पुसायची, वळणांवर एकाच बोटाने. सगळं नाव एकाच काचेच्या नळीचं, आगीवर वाकवून केलेलं. दोन अक्षरांमधल्या तुकड्यावर काळा रंग चढवतात, म्हणजे तिथला उजेड दिसत नाही. तो रंग उन्हाने सुटतो. रोझली बारीक कुंचल्याने तो पुन्हा लावायची.

"उजेड तिथेही असतो," एकदा ती वरून म्हणाली. "मी फक्त त्याला गप्प बसवते."

मी शिडी धरून उभा होतो. तिला धरायची गरज नव्हती.

त्या हिवाळ्यात एर्विनची नजर बरीच गेली होती. डोळ्याच्या मधोमध डाग आणि कडेने थोडं दिसायचं, असं काहीतरी. माणसं तो चालीवरून ओळखायचा. बिअर ओतताना ग्लासात बोट धरायचा आणि गिऱ्हाइकं ते बोट बघून न बघितल्यासारखं करायची. रोझलीला त्याचंही काही वाटत नव्हतं. तिला काळजी होती ती फेब्रुवारीची.

फेब्रुवारीत स्टर्जनचा हंगाम. हा मासा माणसाएवढा लांब, सोंडेचा, अंगावर हाडांच्या ढाली. अंधाऱ्या खोपट्यात भोकाकडे बघत बसायचं आणि तो खालून गेला तर भाला टाकायचा. बहुतेकांना तो वर्षानुवर्षं दिसतही नाही. एर्विनचा एकही हंगाम चुकला नव्हता. तो एकटाच जायचा, कारण त्या दिवसांत बार भरलेला असायचा आणि रोझलीला गल्ल्यामागून हलता यायचं नाही. पण बर्फाला भेगा पडतात, रात्रीतून उघडं पाणी वर येतं, आणि एकट्या माणसाने ते वेळेत बघावं लागतं. दोन वर्षांपूर्वी एक गाडी माणसासकट खाली गेली होती.

जानेवारीच्या शेवटी ती एर्विनला म्हणाली, "खोपट्यापासून पाटी दिसली तर जा. नाही दिसली तर नाही."

"पाटी?" एर्विन हसला. "ती मला डोळे मिटून दिसते."

"डोळे उघडून सांग."

आणि मला म्हणाली, "ऑर्व्हिल, बटण तुझ्याकडे. आम्ही तिथे पोचलो आणि गाडीचे दिवे विझले की मनाला येईल ते कर. लाव किंवा विझव. मला आधी सांगू नकोस. तीनदा करायचं."

"म्हणजे मला न्यायाधीश करतेस."

"न्यायाधीश नाही, तुला बटण दाबायला ठेवते."

संध्याकाळी गाडी बर्फावर गेली, रोझली चालवायला आणि एर्विन शेजारी. हंगामी रस्त्याच्या कडेला वाट कळावी म्हणून नाताळची जुनी झाडं खोचलेली होती, त्यांच्या मधून तिचे दिवे सरकत सरकत लहान झाले. थंडी इतकी की खिडकीच्या काचेला बोट चिकटत होतं. पाटीवरचा हिरवा मासा जवळजवळ मेलेलाच होता. दूरचे दिवे विझले. मी पहिल्यांदा पाटी चालू ठेवली. दिवे लागले, पुन्हा विझले. दुसऱ्यांदा बंद केली. एकदम सगळा रस्ता निळा झाला, बर्फ आतून उजळल्यासारखा. पाटी नसली की गाव असं दिसतं हे मला माहीत नव्हतं. तिसऱ्यांदाही बंदच ठेवली.

परत आल्यावर एर्विन कोट न काढता गल्ल्यामागे गेला आणि स्वतःला ब्रँडी ओतून घेतली.

"तीनपैकी तीन," तो म्हणाला.

क्लॅरेन्स उमलाउफ त्याचा शाळेपासूनचा सोबती, कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलेला. "तीनपैकी तीन? अरे, गेल्या वर्षी तू स्वतःच्याच हातमोज्याला भाला मारलास."

"तो हातमोजा पोहत होता."

"चांगला मोठा होता म्हणे. वजन केलंस का?"

सगळे हसले. रोझली ग्लास धूत होती. मी तिच्याजवळ गेलो.

"दोनदा बंद होती," मी हळू म्हणालो.

"मी तिथेच होते, ऑर्व्हिल. मला डोळे आहेत." तिने ग्लास उजेडात धरला. "खोटं नाही बोलला तो. तिन्ही वेळा मान थोडी वळवून बघितलं आणि म्हणाला, लागली आहे. पहिल्यांदा मी विचारलं, मासा दिसतो का. तर म्हणे, किती हिरवागार दिसतोय आज, शेपटीपर्यंत."

त्या थंडीत तो मासा कोणालाच हिरवा दिसला नसता.

"त्याला सांगितलंस?"

"काय सांगू? त्याला तर माझ्यापेक्षा चांगलं दिसतंय."

हंगाम उघडेपर्यंत तिने त्याला काही सांगितलं नाही. एर्विन भाल्याला धार लावत बसला. स्वतः कोरलेला लाकडी मासा, ज्याला बघून स्टर्जन जवळ येतो, त्याला त्याने नवा पांढरा रंग दिला. रंग रेषेबाहेर गेला होता. क्लॅरेन्सने तो हातात घेऊन फिरवला आणि, नवलच, काही न बोलता परत ठेवला.

पहिल्या दिवशी पहाटे मी एर्विनबरोबर गेलो, भोक कापायला. हे काम एकट्याचं नाही. बर्फ कमरेपेक्षा थोडा कमी जाड होता. करवतीने चारी बाजू कापायच्या, पण सरळ खाली नाही. खालच्या बाजूला किंचित रुंद, नाहीतर लादी अडकते. मग दोघांनी लांब दांड्यांनी लादी दाबून बर्फाखाली ढकलायची. जोर हाताचा लावला तर पाठ जाते. पायाचा लावायचा. एर्विनने पायाचा लावला. लादी गेली, पाणी वर आलं आणि शांत झालं. खोपटं भोकावर सरकवलं, कडेला बर्फ दाबून फटी बुजवल्या. दार लावलं की आत अंधार आणि मधोमध हिरवं पाणी, खालून उजळलेलं.

मी हत्यारं गोळा करत होतो तेव्हा झाडांच्या रांगेतून एक माणूस चालत येताना दिसला. जवळ आल्यावर कळलं, रोझली. अंगात एर्विनचा जुना कोट, हातात थर्मास. मी काठाकडे वळून बघितलं. नुकतं उजाडत होतं, पुलाजवळचा जांभळा आणि चर्चसमोरचा पिवळा अजून लागलेले होते. लाल नव्हता.

"बार कोण बघतंय?" मी विचारलं.

"कोणी नाही. बंद आहे."

"आज?"

"क्लॅरेन्सनेही असंच विचारलं. दारात उभा होता. म्हणाला, आम्ही प्यायचं कुठे. मी म्हटलं, जांभळ्यात जा." तिने दार उघडलं. "सरक, एर्विन."

"का?" आतून आवाज आला.

"मला बसायचंय."

"वेडी झालीस का? आज वर्षातला सगळ्यात—"

"मला माहीत आहे आज काय आहे."

दार लागलं. मी दांड्या बांधत होतो. खोपट्याची फळी पातळ, आतलं सगळं ऐकू येत होतं. निघून जायला हवं होतं, पण दोरी गोठली होती आणि गाठ बसत नव्हती.

"पाटी दोनदा बंद होती," रोझली म्हणाली.

एर्विन म्हणाला, "कुठल्या दोनदा?"

"तू सांग."

"मला तिन्ही वेळा दिसली."

"माहीत आहे."

"आत्ता खोपट्यात शिरतानासुद्धा दिसली, रोझली. मागे वळून बघितलं तेव्हा."

"घरून निघतानाच मी ती विझवून आले."

बर्फ कुठेतरी लांब कण्हला, पाण्यातून तो आवाज आमच्या पायांखालून गेला.

"म्हणजे मी घरी जायचं," एर्विन म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. दिवसभराचं काम संपल्यावर माणूस हत्यार खाली ठेवतो तसा आवाज.

"घरी कशाला? मी पायी एवढी आले ती तुला परत न्यायला?"

"मग?"

"बघायचं मी. भाला तुझा. तुला कडेने दिसतं ना? मग कडेने बघ. मधलं मी सांगते."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. एवढ्या वर्षांत तिने त्या खोपट्यात पाऊल टाकलं नव्हतं. हंगामात तिच्या वाट्याला नेहमी गल्ला आला होता.

"खाली पांढरं काय पसरलंय?" तिने विचारलं.

"बटाट्याच्या चकत्या. मीच टाकल्या. मासा वरून गेला की पाठ उठून दिसते."

"माझे बटाटे?"

"शुक्रवारचे उरलेले."

"उरलेले नव्हते ते."

"आता आहेत."

ती हसली. मग त्याने तिला खालचं सगळं सांगायला सुरुवात केली: चिखल कुठे, उतार कुठून, मासा आला तर बहुतेक कुठल्या बाजूने. ती मधे मधे म्हणायची, हो, दिसतंय. नाही, तिथे काही नाही. हो, आता दिसलं. गाठ कधीच बसली होती. मी दांड्या खांद्यावर घेतल्या.

"एर्विन," आतून रोझलीचा आवाज आला, अगदी हलका. "काहीतरी येतंय."

आत भाला उचलल्याचा आवाज आला.