जोडीतला दुसरा चाकू

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, दिगंबररावांना तर नाहीच. डायरीतही नाही — आणि मी शेजाऱ्याच्या कुत्र्याचं भुंकणंसुद्धा डायरीत लिहून ठेवणारा माणूस आहे. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला 'सर' म्हणत नाही. आमच्या गावात, पालममध्ये, सगळे म्हणतात. एवढी वर्षं शाळेत मराठी शिकवल्यावर माणसाचं नाव गळून पडतं आणि हा एकच शब्द उरतो. त्या शब्दाचा मी एकदा भर बाजारात जो वापर केला, तो आठवला की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. मारत मात्र नाही. तेवढी हिंमत असती तर हे लिहायची वेळ कशाला आली असती?

आधी एक गोष्ट सांगायला हवी. मी समारंभांची टिंगल करणारा म्हणून गावात ओळखला जातो. शाल, नारळ, हार, 'दोन शब्द बोलतो' म्हणून झालेली पाऊण तासाची भाषणं — या सगळ्यावर मी जन्मभर हसत आलो. चौकातल्या फ्लेक्सवर तर माझं खास प्रेम. एकदा एका फ्लेक्सवरच्या शुभेच्छुकांचे गॉगल मोजले होते, अकरा निघाले. हा विनोद शिक्षकांच्या खोलीत दोन वर्षं चालला. हे सांगतोय ते कौतुकासाठी नाही. सगळी घाण तिथूनच सुरू होते.

निवृत्तीच्या आदल्या दिवशी दिगंबरराव आणि मी बाजारात गेलो. दिगंबरराव माझ्याच शाळेत गणित शिकवायचे, माझ्या आधी वर्षभर निवृत्त झाले आणि मोसंबीच्या बागेत रमले. त्यांचं म्हणणं असं, की निवृत्त माणसाच्या खिशात पेन शोभत नाही, चाकू शोभतो. दोघांनी जोडीनं एकसारखे घडीचे चाकू घ्यायचे, रोज खिशात ठेवायचे. शर्टाच्या खिशात जाडी न करणारा, एका हातानं न उघडणारा, फळ, सुतळी, कलम, पाकीट सगळं कापणारा. दुकानातला लाल प्लॅस्टिकच्या मुठीचा नको. पार्वतीबाईच्या हातचा हवा.

पार्वतीबाई घिसाड्यांपैकी. बाजाराच्या कडेला, कडुलिंबाखाली त्यांची भट्टी असे. नवरा सांडशीनं लोखंड धरायचा, घण ती मारायची. आणि पाणी द्यायचं काम — म्हणजे तापलेलं पातं नेमक्या क्षणी पाण्यात बुडवून त्याला कडकपणा आणायचं — तेही तिचंच. आजूबाजूच्या गावांत तिच्या पाण्याचं नाव होतं. विळा घेताना लोक विचारायचे, पार्वतीबाईचं पाणी हाय का?

तिनं बारदानावर आठ-दहा चाकू मांडले. दिगंबरराव एकेक उघडायचे, मिटायचे आणि मिटताना होणारा आवाज कानाशी धरून ऐकायचे.

"मालक, ते काय रेडिओ हाय का, कानाला लावायलाव?" ती म्हणाली. "कापून बघा की."

शेवटी तिनंच दोन काढून दिले. बाभळीची मूठ, बोटभर लांब पातं. ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याच्या एकाच तुकड्यातले, एकाच दिवशी पाणी दिलेले. "सख्खे भाऊ हायेत हे," म्हणाली. "कांदा कापा, दोरी कापा, कायबी कापा. जाळावर तेवढं धरू नका. पाणी उतरलं की मंग नुसतं पत्रं."

हे वाक्य मी ऐकलं होतं. नीट ऐकलं होतं. 'मला माहीत नव्हतं' ही पळवाट माझ्याकडे नाही.

दिगंबररावांना पुढं खताच्या दुकानात जायचं होतं. दोन्ही चाकू माझ्या पिशवीत राहिले. तुमचा माझ्याकडून भेट, उद्या कार्यक्रमात देतो, म्हणालो.

दुसऱ्या दिवशी माझा सत्कार होता. हो, माझा. जुन्या विद्यार्थ्यांनी ठरवला आणि मी दोनदा 'कशाला, कशाला' म्हटलं — तिसऱ्यांदा म्हटलं नाही. गल्लीच्या तोंडाशी त्यांनी माझा फ्लेक्स लावला होता. सकाळी सहाला दूध आणायला निघालो तर वाऱ्यानं त्याचा एक कोपरा फाटलेला. कापड वरून दुमडून नेमकं माझ्या चेहऱ्यावर आलेलं. खाली शुभेच्छुक सगळे हसतमुख, आणि मधे सत्कारमूर्ती गायब.

एखाद्या दुसऱ्याचा फ्लेक्स असता तर मी आठवडाभर हसलो असतो. मी काय केलं? इकडंतिकडं बघितलं, फ्लेक्स उतरवला, गुंडाळून घरी आणला. दोरी ओवायला नुसतं भोक पाडलं तर पुन्हा फाटेल. तापलेल्या टोकानं पाडलं तर कड वितळून घट्ट बसते. घरातल्या चाकूची मूठ प्लॅस्टिकची. टेबलावर पिशवी होती. बायको अंघोळीला गेलेली. मी पिशवीतून एक चाकू काढला, गॅस पेटवला आणि टोक लाल होईपर्यंत धरून ठेवलं. चार भोकं पाडली. घाईघाईनं जाऊन फ्लेक्स टांगला. माझा चेहरा आता झकास दिसत होता.

परत आलो तर पात्याचा पुढचा अर्धा भाग निळा-जांभळा पडलेला.

इथं मी थांबू शकलो असतो. जळलेला चाकू स्वतःच्या खिशात टाकायचा आणि गप्प बसायचं, एवढंच. कुणाचं काय बिघडलं असतं? पण मी पॉलिश पेपर शोधला. वीस मिनिटं घासून निळा रंग घालवला. मग दोन्ही चाकू टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि निवडले. चांगला माझ्या खिशात. दुसरा, चकचकीत केलेला, दिगंबररावांना भेट म्हणून. व्यासपीठावरून दिला. टाळ्या पडल्या. त्याच भाषणात मी श्रमाच्या प्रतिष्ठेवर बोललो. हातानं काम करणाऱ्यांकडून आपण काय शिकावं, वगैरे. लोकांनी माना डोलावल्या. मीही स्वतःचं बोलणं ऐकून थोडा हेलावलो होतो, ही शिसारी तर वेगळीच.

तीन आठवड्यांनी बाजारात दिगंबररावांनी मला गाठलं. चाकूची धार सारखी वळायलीय म्हणाले. दगडावर घासली की दोन मोसंब्यांत बोथट. "पार्वतीबाईला दाखवू. तुमी बी चला सर." मी नाही कसा म्हणणार? गेलो.

भट्टीपाशी ऊसतोडीच्या टोळीचा एक मुकादम उभा होता. दसऱ्यानंतर टोळी निघायची होती आणि सगळ्या टोळीचे कोयते पार्वतीबाईकडून घ्यायचं त्याच्या मनात होतं. ते काम म्हणजे तिच्या घराचं पुढच्या कित्येक महिन्यांचं पोट. हे तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळत होतं. मलाही.

दिगंबररावांनी तक्रार काही भांडून केली नाही. हसतच सांगितलं. तिनं चाकू घेतला, बारीक कानस काढली, पात्याच्या टोकाशी ओढली. कानस चावली, म्हणजे तिथलं लोखंड मऊ. मग मुठीजवळ ओढली, ती नुसती घसरली. तिनं पुन्हा दोन्हीकडं ओढून बघितली.

"मालक, ह्याला जाळ लागलाय," ती म्हणाली. "म्होरलं मेलंय. बुडाकडचं अजून जितं हाय. पाणी कच्चं असतं तर सगळंच मऊ लागलं असतं."

"जाळ? आमच्या घरी तर माझ्याबिगर ह्याला कुणी हात बी लावत न्हाई," दिगंबरराव म्हणाले. खरंच बोलत होते ते.

मग तिनं माझ्याकडं बघितलं. संशयानं नाही. आधारासाठी बघावं तसं. "सर, जोडीतला दुसरा दावा की. एका पाण्यातले हायेत. त्याला कानस लावते, मंग समद्यालाच कळल."

दुसरा माझ्या पँटच्या उजव्या खिशात होता. माझा हात त्याच्यावरच होता. बाभळीची मूठ हाताला लागत होती.

मी म्हणालो, "तो घरी राहिला."

एवढं म्हणून थांबलो असतो, तर तो भित्रेपणा झाला असता. पण तेवढ्यावर माझं भागलं नाही. चाकू जाळला कुणी, हा प्रश्न अजून हवेत होता. त्याचं उत्तर शोधत कुणी माझ्या स्वयंपाकघरापर्यंत, माझ्या फ्लेक्सपर्यंत आलं तर? फ्लेक्सवर हसणारा सर सकाळी सहाला स्वतःचाच फ्लेक्स टांगत होता, हे गावाला कळलं तर? या एका हसण्याच्या भीतीनं मी पुढं बोललो. शांतपणे, वर्गात बोलतो तसं. "माझ्याही चाकूची धार टिकत नाही, बाई. जाळाबिळाचं काही नाही. पाणीच कच्चं आहे. चूक मान्य करावी माणसानं."

चूक मान्य करावी माणसानं. हे मी म्हणालो. मी.

तिचा नवरा काहीतरी बोलायला लागला, तिनं त्याला हातानं थांबवलं. माझ्याकडं बघत राहिली. तिला कळलं होतं. लोखंडावरून जिला सगळं कळतं तिला माणूस कळणार नाही?

मुकादम हसला. "बाई, पाणी कच्चं असल तर माझ्या टोळीनं ऊस काय दातानं तोडायचा का?"

"एक कोयता घेऊन जा. खडकावर आपटून बघा," ती म्हणाली.

"आता काय बघायचं? सर खोटं बोलतेत का?"

बस. एवढ्यावर निकाल लागला. कानस दोन्हीकडं ओढून तिनं पुरावा दिला होता, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. माझ्याकडं काय होतं? एक शब्द, दोन अक्षरांचा. मला त्या मुकादमाचाही राग येतो, त्या गर्दीचाही. पण त्यांना हा शब्द इतका जड करून कुणी दिला? आम्हीच. फळ्यासमोर उभं राहून, वर्षानुवर्षं.

मुकादमानं तयार कोयते दुकानातून उचलले. 'सरांचा चाकू बी कच्चा निघाला' ही बातमी बाजारभर फिरली, पुढच्या बाजारी शेजारच्या गावांत गेली. पार्वतीबाई आणखी तीन-चार बाजार बसली. मग लिंबाखाली मोबाइलची कव्हरं विकणारा दिसायला लागला. दिगंबरराव लाल मुठीचा चाकू वापरतात आणि अधूनमधून म्हणतात, "बाईचं पाणी ऐनवेळी कसं काय गेलं हो?" मी मोसंबी नखानं सोलतो. कारण माझा चाकू 'कच्चा' आहे ना. चारचौघांत तो उघडता येत नाही. घरी एकटा असलो की उघडतो.

या गोष्टीला पाच वर्षं झाली. गेल्या महिन्यात एका लग्नाला पूर्णेला गेलो होतो. स्टेशनच्या रस्त्यावर एक बाई पायानं फिरवायचं धारेचं चाक घेऊन बसलेली दिसली. मी ओळखलं तोवर तिनंही ओळखलं होतं.

"पालमचे सर ना?"

मी हो म्हणालो. भट्टी कुठं आहे, विचारलं. विचारायला जीभ उचलली, याचंही मला आता नवल वाटतं.

"भट्टी मोडली. आता निस्तं चाक." तिनं चाक थांबवलं. माझ्या खिशाकडं एकदा बघितलं, मग चेहऱ्याकडं. "काई धार लावायची हाय का, सर?"

"नाही," मी म्हणालो. "माझ्याकडे काही नाही."

चाकू उजव्या खिशात होता. पाच वर्षांत मला त्याला दोनदाच धार लावावी लागली आहे.