रामदासची एक ओळ

रामदास मस्कतला गेला तेव्हा मला फार आनंद झाला, असं मी सगळ्यांना सांगतो. साफ खोटं आहे ते. माझ्या पोटात दुखलं, आणि हे दुखणं तेव्हाच चार वर्षांचं जुनं होतं.

आम्ही डिप्लोमा एकत्र केला आणि अठ्ठ्याऐंशी साली भिवंडीतल्या एकाच सायझिंगमध्ये लागलो. लूमवर चढण्याआधी सुताला खळ लावतात, ते सायझिंग. खळीला वाफ लागते, वाफेला बॉयलर. रामदास जवळच्या अंजूर गावचा. त्याचे वडील कोंडूबाबा राहनाळच्या गोदामात हमाल. आमच्या घरात तीन पिढ्या लेखणी चालवणाऱ्या. तरी शेठ कारखान्यात पाऊल टाकताच विचारायचे, "रामदासभाई कहाँ है?" मला म्हणायचे, "वो दूसरा." घरी आलो की आमची माई सुरू, "त्या रामदासचं अक्षर बघ, नाहीतर तुझं!" आईच असं बोलायला लागल्यावर माणसाने जळू नये तर काय करावं?

वर्षातून एकदा बॉयलर बंद ठेवून आतून साफ करत, पाण्याचा साचलेला खार काढत, ते ओव्हरहॉल. रामदास भोकातून आत शिरायचा आणि संध्याकाळी काळाठिक्कर होऊन बाहेर यायचा. मी बाहेर रजिस्टर धरून "सांभाळून रे" म्हणायचो. माझा बॉयलरशी संबंध तेवढाच.

ब्याण्णव साली मस्कतच्या कंपनीची जाहिरात आली. मेन्टेनन्स इंजिनिअर हवा, बॉयलर ओव्हरहॉलचा अनुभव हवा. मुंबईच्या एजन्सीत अर्जांचे ढीग पडतात, तिथला कारकून जाहिरातीतले शब्द अर्जात शोधतो, नसले तर अर्ज टोपलीत, हे तेव्हा भिवंडीत सगळ्यांना ठाऊक होतं. टाइपरायटर आमच्या घरी. म्हणून रामदास माझ्याकडे आला.

"बॉयलर इनचार्ज टाकू?" मी विचारलं.

"न्हाय. इनचार्ज लडकूमामा हाय, सर्टिफिकेट त्यांचं हाय. मी हाताखाली हाय. पण ओव्हरहॉल लिही. तीन केलेत. पहिल्याला मी नुसती बत्ती धरली, तेही लिही."

"बत्ती धरणाऱ्याला कोण मस्कतला नेणार?"

"न्हाय नेलं तर न्हाय. खोटं लिहून गेलो, तर तिथल्या बॉयलरला काय सांगू?"

मी सगळं टाइप केलं आणि ओव्हरहॉलची ओळ गाळली. चुकून नाही. बोटं तिथवर आली, थांबली आणि पुढच्या ओळीवर गेली. त्याने कागदाची घडी करून खिशात ठेवली, माईचा चहा प्यायला आणि गेला. मग मी माझा अर्ज टाइप केला. बॉयलर इनचार्ज, तीन ओव्हरहॉल.

मुलाखतीला बोलावणं दोघांनाही आलं. त्याला कसं आलं, हे काही मला कळेना. मुंबईला जाताना एसटीत त्याने मला खिडकी दिली. मी बाहेर बघत बसलो, कारण त्याच्याकडे बघवत नव्हतं.

मुलाखत एका हॉटेलात होती, आधी माझा नंबर लागला. समोर कंपनीचे एक टकले इंजिनिअर. माझा कागद बघून त्यांनी दुसरा एक कागद शेजारी ठेवला.

"दोनों एक ही कारखाने से? एक ही मशीन पे टाइप किया?"

"जी."

"तो बताओ, ट्यूब के अंदर का खार कैसे निकाला?"

पाणी, ब्रश, असं काहीतरी पुटपुटलो. "कौन सा ब्रश?" त्यांनी विचारलं. "बड़ा," मी म्हणालो. त्यांनी दुसरा कागद हातात घेतला, आणि मला तो दिसला. टाइप केलेल्या मजकुराच्या खाली निळ्या शाईत रामदासचं ते सुरेख अक्षर होतं. बॉयलरच्या तीन ओव्हरहॉलमध्ये काम केलं, पहिल्या वेळी फक्त बत्ती धरली.

म्हणजे त्याने घरी जाऊन कागद वाचला होता. काय राहिलं ते त्याला कळलं होतं. आणि तरी खिडकी मला दिली होती.

नोकरी त्याला लागली. पडलो तरी नाक वर म्हणतात तसं मी नाक्यावर सांगत सुटलो की तिथे पगार कमी होता, मीच सोडली.

तीन वर्षांनी तो रजेवर आला. माईसाठी मोठा थर्मास आणला. माई तो शेजारपाजारी दाखवत फिरली, आणि मी पुन्हा जळलो. त्याला दुसऱ्या, मोठ्या कंपनीत अर्ज करायचा होता. तिकडे कॉम्प्युटर असूनही तो आमच्या टाइपरायटरसमोर येऊन बसला.

तो सांगत गेला, मी टाइप करत गेलो. प्रत्येक शब्द घातला. दोनदा तपासलं. कागद त्याच्या हातात दिला तर त्याने तो न बघताच घडी घालायला घेतला.

"वाचून घे," मी म्हणालो. माझा आवाज चढला होता. "रामदास, एकदा वाचून घे ना!"

"मागल्या टायमाला वाचलं होतं," तो म्हणाला, आणि घडी खिशात ठेवली.