धावड्याचा दांडा

आईचे दिवस उरकल्यावर मी तळ्यावर गेलो. तळे इतके आटलेले मी पूर्वी पाहिले नव्हते. रुळांच्या वाटेने जायचे म्हणून निघालो, पण रूळ राहिले नव्हते. जंगलतोडीचा ठेकेदार गेल्यावर लोकांनी ते उपटून नेले. आमच्या गावात दोन विहिरींवर ते आडवे टाकलेले आहेत. डोंगराच्या उतारावर खडीची एक पट्टी तेवढी उरली होती.

सोबत म्हातारा लोहार होता. मी लहान असताना सरकारी जंगल ठेक्याने गेले, तेव्हा रुळांवरून लाकूड वाहणाऱ्या ठेल्यांची चाके त्यानेच बसवली होती. रिकामे ठेले बैल वर ओढून नेत. भरलेले ठेले आपल्याच वजनाने खाली येत. मागे एक माणूस उभा राही आणि धावड्याच्या टणक लाकडाचा दांडा चाकावर दाबून वेग आवरी. हिसक्याने फेकला जाऊ नये म्हणून तो मनगट चामड्याच्या वादीने दांड्याला बांधून घेई. माझा थोरला भाऊ हेच काम करीत असे.

एका दुपारी त्याचा ठेला सुटला. वळणावर ओंडके घसरले, पुढे बसलेला मजूर त्यांच्याखाली गेला आणि ठेला तुडुंब भरलेल्या तळ्यात शिरला. भाऊ सापडला नाही. त्याचा पटका वळणावरच्या झुडपात अडकलेला दिसला, तेव्हा साऱ्यांनी ठरवले की त्याने दांडा सोडला, उडी टाकली आणि भिऊन हैदराबादेकडे पळाला.

मेलेल्या मजुराच्या जागी येणारेजाणारे दगड ठेवू लागले. त्यांची रास झाली. आमच्या घरच्या कोणी तिथे दगड ठेवला नाही, तोंडच नव्हते. ती वाट आली की आई खाली मान घालून बाजूने जाई. कोणी टोचून बोलले तर एवढेच म्हणे, "पळाला तर पळाला. हाय तर खरं कुठंतरी." भर दुपारी त्या वळणावर चाकांचा आवाज येतो असे गुराखी सांगत. मीही तो ऐकला होता. आई म्हणे, वारा आहे.

तळ्याच्या भेगाळलेल्या गाळात एक ठेला कुशीवर पडलेला होता. लोहाराने चाकावरचा गाळ पुसला, आपली खूण पाहिली आणि खाली बसला. आम्ही हातांनी उकरू लागलो. दांडा चाकाला तसाच भिडलेला होता. चाकाकडची बाजू निम्मी झिजून कोळशासारखी काळी पडली होती. वादीची गाठ सुटलेली नव्हती. तिच्या वेढ्यात तांब्याचे कडे होते. भाऊ लहानपणी आजारातून उठला तेव्हा आईने ते नारायणगडावर त्याच्या हातात घातले होते. कड्याबरोबर आणखी जे होते, ते लिहिण्याची गरज नाही.

त्याने दांडा सोडला नव्हता. हे कळावे अशी माझी फार वर्षांची इच्छा होती. कळले तेव्हा पहिला विचार आला तो हा, की बरे झाले, आई गेली.

लोहाराने गाळाचे हात धोतराला पुसले. "मास्तर, पटका म्याच पाह्यला व्हता. उडी टाकली असंल, असं वाटलं. तेच तहसिलीत सांगितलं. लई चुकलं."

मला राग आला नाही. त्याच्या चुकीने आमची मान खाली गेली, आणि त्याच चुकीवर आई इतकी वर्षे जगली.

हाती आले ते मी उपरण्यात बांधले. वळणावर आल्यावर मजुराच्या राशीवर घरच्यांच्या वतीने एक दगड ठेवला. शेजारच्या मोकळ्या जागी भावाचा पहिला दगड ठेवला. दुसरा लोहाराने ठेवला.

निघालो तेव्हा वरच्या अंगाने चाकांचा तो आवाज आला. झाडाचे पानही हलत नव्हते. लोहार माझ्याकडे पाहत राहिला. मग आम्ही दोघेही खडीच्या पट्टीवरून बाजूला झालो आणि तो आवाज खाली तळ्याकडे जाईपर्यंत थांबलो.