चौथ्या खोलीची चौकट

स्वातंत्र्यानंतर चार-पाच वर्षांनी पनवेलच्या बाजारामागे झाडूवाल्यांसाठी सरकारी खोल्या बांधायला घेतल्या. जोती झाली, दारांच्या चौकटी उभ्या राहिल्या आणि पैशाअभावी काम थांबलं. ना भिंती, ना छप्पर.

आमच्या कचेरीसमोरचा रस्ता झाडणाऱ्या बाईला चौथी खोली मिळायची होती. काम आटोपलं की ती तिथे जाई, हळदकुंकू लावलेल्या चौकटीबाहेर वहाणा काढी आणि आत जाऊन उघड्या जोत्यावर भाकरी खाई. चारी बाजू मोकळ्या, पण ती दुसरीकडून कधी चढली नाही. कुत्रं चढलं तर ओरडे, "मेल्या, दारातून ये!"

मला रोज विचारी, "भाऊसाहेब, हप्ता आला?"

"वरून यायचाय," मी सांगे.

खरं म्हणजे पहिल्या हप्त्याचा हिशेब पाठवल्याशिवाय दुसरा मिळणार नव्हता, आणि तो कागद माझ्याच हलगर्जीपणाने माझ्या टेबलाच्या खणात राहिला होता. मंजुरी रद्द झाल्याचं पत्र आलं, तेव्हा तिला सगळं सांगायचं ठरवून मी गेलो. घाईत बाजूनेच जोत्यावर पाय ठेवला.

"असं काय, भाऊसाहेब? दार हाय ना!"

मी खाली उतरलो, वहाणा काढल्या आणि चौकटीतून आत गेलो. तिने पदराने जागा पुसून मला बसवलं.

"माझ्या घरातले पयले पाव्हणे तुमी," ती म्हणाली. "सांगा, हप्ता आला?"

"वरून यायचाय," मी म्हणालो.