माईचं सूप आणि दादांची भाकरी

आमचे दादा, म्हणजे माझे वडील, आयुष्यात कधी ओरडले नाहीत. आमच्या बोरी गावात कुणालाही विचारा, माणूस लय गरीब स्वभावाचा म्हणून सांगतील. त्यांच्या त्या हळू आवाजाचीच मला चीड आहे, आणि ती अजून गेलेली नाही.

गेल्या उन्हाळ्यात माईचं, माझ्या आईचं, पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. परभणीच्या डॉक्टरांनी घरी सोडताना दादांच्या समोरच बजावलं होतं. काही दिवस तेल-तिखट बंद, पोटाला हलकं तेवढंच द्यायचं, वजन उचलायचं नाही आणि चुलीपुढं, गॅसपुढं उभं राहायचं नाही. दादा मान डोलवत होते. मला वाटलं, ऐकतायत.

मी जिंतूरला शाळेत शिकवते. शाळा सकाळची होती, म्हणून मी बोरीत येऊन राहिले आणि रोज पहाटेच्या एसटीनं जायला लागले. मागं माईला कोण रांधून घालणार? माझ्याकडं एक स्लो कुकर होता, हौसेनं घेतलेला आणि माळ्यावर पडलेला. चिनीमातीचं जड भांडं, वर काचेचं झाकण, खाली विजेची मंद धग. सकाळी भाज्या टाकून बटण दाबलं की दुपारपर्यंत आपोआप शिजतं, कुणी उभं राहायला नको. तो मी काढून नेला.

उठल्याबरोबर मी गाजर आणि दुधी चिरायची. गाजर तळाशी, कारण ते लवकर शिजत नाही. त्यावर दुधी, टोमॅटो, मूठभर मुगाची डाळ, आल्याचा तुकडा, चिमूटभर हळद आणि जिरे. पाणी भाज्या बुडतील एवढंच, कारण झाकणातून वाफ फारशी जात नाही आणि जास्त पाणी घातलं की नुसता पाणचट रस्सा होतो. दुपारी घरी आले की पालक टाकायची, तो मऊ झाला की सगळं रवीनं घोटून सूप करायची. माई वाटी दोन्ही हातांत धरून प्यायची. दोन-तीन दिवसांत तिच्या चेहऱ्यावर रया आली.

दादांसाठी शेजारची चुलती भाकरी-कालवण पाठवायची. पण ती भाकरी त्यांच्या घशाखाली उतरत नव्हती. जाड आहे म्हणायचे, गार झाली म्हणायचे. चुलतीला नाही, माईला. तिच्या खाटेजवळ बसून, हळू आवाजात.

एक दिवस मी शाळेतून आले तर माई गॅसपुढं उभी. एक हात पोटावरच्या टाक्यांवर दाबलेला, दुसऱ्या हातानं तव्यावरची भाकरी उलटवत होती. दादा आतल्या खोलीत कूलरपुढं जेवत होते. स्लो कुकरची पिन काढून त्या जागी कूलरची लावलेली. झाकण उघडलं तर कोमट पाण्यात कच्च्या गाजराच्या फोडी, आणि त्या उकाड्यात डाळीला वास सुटलेला.

मी गॅस बंद केला, माईला खाटेवर आणून बसवलं. तिच्या कपाळावर घाम होता. काय झालं ते तिच्याकडूनच कळलं. चुलतीचं ताट दादांनी परत पाठवलं होतं आणि म्हणाले होते की मी उपाशी राहीन, माझी काळजी करू नको. मग ती उठली.

मी दादांपुढं जाऊन उभी राहिले. डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलं नव्हतं का, असं विचारलं. त्यांनी घास खाली ठेवला आणि शांतपणे म्हणाले, "मी तिला उठ म्हणलो का बाई?"

खरंच म्हणाले नव्हते. चाळीस वर्षांत त्यांना ते म्हणावंच लागलं नव्हतं. माझा आवाज चढला.

"तुमी उठवलं न्हाई दादा, तुमी फक्त उपाशी बसलाव. तिचं पोट फाडलंय आणि तुमाला भाकरी जाड लागायलीय."

आतून माई म्हणाली, हळू बोल, शेजारी ऐकू जाईल. त्या क्षणी मला तिचाही तेवढाच राग आला.

डाळ उकिरड्यावर ओतली, कुकर घासला, माईची दोन लुगडी पिशवीत भरली. रिक्षात मांडीवर ते जड भांडं घेऊन मी तिला जिंतूरला आणलं. दादा दारापर्यंत आले. ने की, म्हणाले.

माझ्या घरी माईला बसून राहायला शिकायला लागलं. भांडं वाजलं की उठायची. सुपात चुक्याची चार पानं टाक, आंबूस चव येईल, एवढं मात्र तिनं सांगितलं आणि ते बरोबर होतं. जेवताना रोज एकच विचारायची, ते काय खाल्ले असतील? मी तिची वाटी भरायची.

फोन मात्र येत राहिले. आत्या म्हणाली, दादा वाळलेत. चुलता म्हणाला, लेकीनं म्हाताऱ्याला एकटं पाडलं असं लोक बोलायलेत. टाके भरले का, दुखतं का, हे एकानंही विचारलं नाही. शेवटी मी फोन उचलायचे बंद केले.

मग एका रविवारी दादा स्वतःच आले. जेवायची वेळ होती. माई पदर खोचून उठायला लागली, मी तिला खांदा दाबून खाली बसवलं आणि दादांपुढं सुपाची वाटी ठेवली. त्यांनी एक घोट घेतला. माईकडं बघून म्हणाले, "अळणी हाय."

मी तोंड उघडणार तेवढ्यात माईच बोलली. "मीठ तितं फळीवर हाय. उठून घ्या."

दादांनी वाटी खाली ठेवली. मग उठले. कोणत्या डब्यात मीठ आहे ते त्यांना सापडेना, दोन डबे उघडून पाहिले. माई वाटीत बघून सूप पीत राहिली.

बरी झाल्यावर ती बोरीला परत गेली, कुकर घेऊनच. मी नको म्हणत होते, पण घर तिचं आहे. आता सकाळी दादा गाजर-दुधी चिरून देतात आणि बटण दाबतात. भाकरी माईच करते, पण तिला बरं नसलं की चुलतीची भाकरी ते मुकाट्यानं खातात. एवढं झालं.

परवा मानवतला एका लग्नाच्या पंगतीत आत्या सगळ्यांना कौतुकानं सांगत होती, आमचा दादा या वयात बायकोला भाज्या चिरून देतो, असा नवरा मिळायला नशीब लागतं. बायका माना डोलवत होत्या. माई शेजारीच बसली होती, तिच्याकडं कुणी बघितलंही नाही. माझ्या हातातला घास पुढं जाईना. मी पानावरून उठले आणि हात धुवायला गेले.